शुक्रवारची सतरंजी

“पाळकसाहेब, आमच्या घरी सतरंजी काहून येत नाही?”

विचारलं बाई एकदाचं! दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचं पक्कं सभासद व्हायच्या, वर्गाला आम्ही नऊ जण पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात बसलो होतो. विषय चालला होता प्रभुभोजनाचा. मी हात वर केला तेव्हा त्यांना वाटलं असणार, भाकरीबद्दल किंवा प्याल्याबद्दल काहीतरी शंका आहे. शेजारी बसलेल्या प्रेमलतानं माझ्या पाठीत असा चिमटा काढला, की त्याचा अर्थ ‘शाब्बास’ होता का ‘मेली आता’, ते मला अजून कळलेलं नाही.

पैज होती. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मी दुसरी आले होते. सगळ्या नागपुरातून दुसरी! कप पाणी प्यायच्या पेल्याएवढाच आहे, पण आहे. त्या दिवसापासून माझं तोंड बंद होत नव्हतं, हे मला मान्य आहे. शेवटी गोपिका वैतागून म्हणाली, “स्टेजवर पाठ केलेलं बोलायले काय लागते वं? पाळकासमोर बिनापाठ एक प्रश्न विचारून दाखव. नाही विचारला तर महिनाभर आमची दोघींची दप्तरं तू उचलजो.”

“कोणता प्रश्न?”

प्रश्नही तिनंच दिला. गोपिका आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चची, नाही, मागच्या गल्लीतली कोष्ट्यांची पोरगी आहे. पण मंडळीची सतरंजी तिच्या आजोबांनी विणलेली आहे. जन्मभर लुगडी विणणारा माणूस, त्यांनी अशी जाड सुताची सतरंजी आयुष्यात एकदाच विणली, ती आमच्यासाठी. लाल आणि निळे पट्टे, आणि एका कोपऱ्यात सूत संपलं म्हणून हातभर पिवळा. त्यामुळे गोपिकेला ती स्वतःच्या घरचीच वाटते. “आमच्या आजोबाची सतरंजी साऱ्या गल्लीत फिरते,” ती म्हणाली, “अन् तुमच्याच घरी काहून जात नाही? तुमचं घर काय खड्ड्यात आहे?”

तेव्हा मी फिदीफिदी हसले. घरी येऊन वेणी सोडताना मात्र हसू थांबलं. खरंच, काहून येत नाही?

आमच्यात दर शुक्रवारी संध्याकाळी सातला कुणा ना कुणाच्या घरी सभा असते. गीतं, वचन, प्रार्थना आणि मग चहा. ज्या घरी पुढची सभा, त्या घरी सतरंजी जाते आणि आठवडाभर तिथंच राहते. मी लहान होते तेव्हा ती आमच्याकडे इतक्यांदा यायची की मी तिच्यावर लोळून अभ्यास करायचे. दाराबाहेर चपलांची रांग गल्लीपर्यंत जायची. आम्ही पोरं अंगणात लपाछपी खेळायचो आणि आतून आईचा आवाज यायचा. आई म्हणजे जनाबाई, आमच्या मंडळीतला दुसरा आवाज. पहिली ओळ प्रेमलताची आजी रुखमाबाई घ्यायची, दुसरी आई एकटी म्हणायची, तिसरीला सगळे मिळायचे. मग आई आजारी पडली, आणि सतरंजी यायची थांबली. ती बरी होऊन आली त्यालाही दीड वर्ष झालं. सतरंजी आली नाही.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते नगरकडचे. ते ‘का’ म्हणतात, आम्ही ‘काहून’. शाळेत बाई माझं ‘मले’ लाल शाईनं खोडतात म्हणून लिहिताना मी ‘मला’ लिहिते, बोलताना मात्र जे तोंडात येतं तेच येतं.

“शलोमी,” ते म्हणाले, “सतरंजी कोणी कोणाच्या घरी पाठवत नाही, बाळा. सभा संपली की ज्याला वाटतं तो उठतो आणि सतरंजी उचलतो. उचलली म्हणजे मंडळीला बोलावलं. ही रीत माझ्याही आधीची आहे.”

“म्हणजे पाळी नसते?”

“नाही.”

पंधरा वर्षं मला वाटत होतं पाळी असते. प्रेमलता खाली मान घालून हसत होती. तिला ठाऊक होतं की काय?

“तुझ्या आई आजारातून परत आल्या तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं,” पाळकसाहेब हळू बोलू लागले. “त्यांना थकवा आहे, त्यांच्यावर भार टाकू नका, त्या स्वतः सतरंजी उचलतील तेव्हाच जाऊ.”

“दीड वर्ष झालं, पाळकसाहेब.”

वर्ग लवकर सुटला.

*

पैज जिंकली, पण दप्तरं उचलावी लागणार नव्हती एवढाच काय तो आनंद. घरी जाताना मला ते अकरा महिने आठवत होते.

आईला टीबी झाला होता. गावाबाहेरच्या सॅनिटोरियममध्ये ती अकरा महिने होती. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात, सकाळी आठला जातात ते दिवेलागणीला येतात. मला तेव्हा पोळीचा गोल येत नव्हता. पहिल्या सोमवारी संध्याकाळी दार वाजलं आणि बाहेर प्रेमलता, हातात तिच्या आजीचा पितळी डबा. वांग्याची भाजी, पोळ्या, आणि कागदाच्या पुडीत मीठ, आमच्या घरात मीठसुद्धा नसेल असं समजून! मंगळवारी दुसऱ्या घरचा, बुधवारी तिसऱ्या. गुरुवारी नत्थूजींचा. नत्थूजी चर्चची झाडझूड करतात, घंटा वाजवतात, एकटेच राहतात आणि स्वतःच भाकरी थापतात. त्यांची भाकरी एका बाजूनं नेहमी करपलेली असायची, आणि बाबा ती बाजू स्वतःला घ्यायचे. अकरा महिन्यांत एकही संध्याकाळ अशी गेली नाही की डबा आला नाही. डोळे मिटून नुसत्या वासावरून मी सांगायचे, आज कोणतं घर आलं.

आई परत आली त्या दिवशी सोमवार होता. रुखमाबाईचा डबा आला, आणि त्यानंतर डबे थांबले. बरोबरच होतं, आता आई होती ना घरी.

पण मला डब्याच्या आत माणसं पण येत होती असं वाटायचं, आणि ती पण थांबली.

तो शेवटचा पितळी डबा आमच्या फळीवर अजून आहे. झाकणावर रुखमाबाईचं नाव कोरलेलं, तिच्या लग्नातला. आई दर शनिवारी तो चिंच लावून घासते आणि परत फळीवर ठेवते. इतका चकाकतो की त्यात पाहून मी टिकल्या लावून बघितल्या आहेत. बाबांना सांगू नका.

त्या शनिवारीही आई डबाच घासत बसली होती.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. “आई, तू सतरंजी काहून उचलत नाही?”

तिचा हात थांबला. मग परत सुरू झाला. “कोण म्हणालं तुले?”

“मीच विचारलं पाळकसाहेबांले. सगळ्यांसमोर.”

“बाप्पा! सगळ्यांसमोर?”

“सांग ना.”

“पाय दुखतात माझे.”

“शुक्रवारी सहा वाजता तू वेणीफणी करते, धुतलेलं लुगडं नेसते, अन् सात वाजता सभेला निघायच्या वेळी तुझे पाय दुखायले लागतात. मी काय आंधळी आहे?”

आई हसली नाही. तिनं डब्यावर पाणी ओतलं आणि त्या पाण्याकडे पाहत म्हणाली, “सतरंजी उचलायची म्हणजे बोलवायचं. मी बोलावलं अन् कोणी आलं नाही, तर? नाही, येतील. माणसं चांगली आहेत, येतीलच. बसतील. अन् मग चहाचा ट्रे घेऊन मी जाईन, अन् एकेक जण म्हणेल, ‘नको जनाबाई, आत्ताच घेऊन आलो.’ चाळीस वेळा ‘नको’ ऐकायची ताकद माझ्यात नाही, शलू. आजारापेक्षा ते जास्त लागेल मले.”

“पण डॉक्टरनं लिहून दिलं आहे ना!” तो कागद आम्ही पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, घडी घालून ठेवलेला आहे. आता हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, असं त्यात सहीशिक्क्यानिशी लिहिलंय.

“कागद दाखवत फिरू काय घरोघर?”

खरं सांगायचं तर आमच्याच घरात तो कागद चालत नव्हता. आईचा कप वेगळा. पांढरा, निळ्या काठाचा, मोरीजवळच्या खिळ्याला टांगलेला. कुणी वेगळा केला नव्हता, तिनंच केला. पहिल्यांदा मी त्यात दूध प्यायले तेव्हा तिनं माझ्या हातातून तो हिसकावला होता. वर हातही उगारला, आयुष्यात तेवढा एकदाच.

“अन् हा डबा?” मी विचारलं. “हा तरी परत द्यायचा.”

“रिकामा कसा देऊ? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देतात काय?”

“मग भरून दे.”

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझं मलाच कळलं. भरून दिला तर त्यातलं कोण खाणार? रिकामा देता येत नाही, भरून देता येत नाही. म्हणून दीड वर्ष नुसता घासायचा.

बाबा तेव्हाच आले. बोटांना शाई, काखेत वर्तमानपत्र. त्यांनी सगळं ऐकलं असावं. खुंटीला सदरा टांगत ते म्हणाले, “फालतू विषय काढू नको, शलोमी. अकरा महिने लोकांच्या घरचं जेवलो आपण. आणखी किती मागायचं त्यांना? यायचं असेल ते येतील.”

“ते म्हणून राहिले, तुम्ही उचलाल तेव्हा येऊ!”

“मी कोणाच्या दारात जाणार नाही.”

झालं. बाबांचं वाक्य म्हणजे छापलेला कागद, एकदा निघाला की दुरुस्ती नाही.

*

सोमवारी शाळेतून येताना मी थेट प्रेमलताच्या घरी गेले. रुखमाबाई ओट्यावर बसून नाताळच्या करंज्यांसाठी रवा निवडत होती. आमच्या महिला संघाची ती पुढारी. तिच्यापुढे पाळकसाहेबसुद्धा हळू बोलतात.

“आली काय भाषणवाली!” ती म्हणाली. “पाळकसाहेबांले गप्प केलं म्हणते तू. आता काय माह्यावर चढाई?”

“आजी, तुम्ही आमच्या घरी येत काहून नाही?”

प्रेमलता मागून माझं दप्तर ओढत होती. हे पैजेत नव्हतं! पण मला आता थांबताच येत नव्हतं.

“बोलावलं कोणी?” रुखमाबाईनं फटकन विचारलं. “तुह्या मायनं माझा डबा तरी परत केला काय? लग्नातला डबा होय तो. दीड वर्ष वाट पाहून राहिली मी. डबा द्यायले येईल, दारात उभी राहील, मी म्हणीन, बस वं जनाबाई. नाही आली. मग मले वाटलं, रागावली. दवाखान्यात मी भेटायले गेली नाही ना एकदाही. म्हणून रागावली.”

“आई रागावली नाही! तुम्ही तिच्या हातचं खाणार नाही असं तिले वाटते. म्हणून डबा भरता येत नाही, म्हणून देता येत नाही!”

रुखमाबाईचा हात रव्यात तसाच राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, ‘अवं, काय वेडी आहे जनाबाई, खाईन ना मी.’ मी तेच ऐकायला आले होते.

ती म्हणाली, “भेते मी.”

प्रेमलतानं दप्तर सोडलं.

“खोटं कशाले बोलू? माझी लहान बहीण टीबीनंच गेली. तिचं उष्टं मी खात होती, माय मारत होती तरी खात होती. मले काही झालं नाही, अन् ती गेली. तेव्हापासून खोकला ऐकला की माझं अंग गार पडते. तुमच्या घरी डबा पाठवायची ना, तेव्हा प्रेमलताले सांगून ठेवलं होतं, दारातूनच देजो, आत जाऊ नको.”

मी प्रेमलताकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. आणि मला आठवलं, खरंच, ती कधी उंबरठ्याच्या आत आली नव्हती. मला वाटायचं, घाईत असते.

मला इतका राग आला! स्टेजवर येतो तसा शब्दांचा राग नाही, खराखुरा. “अकरा महिने तुम्ही आम्हाला जेवू घातलं,” मी म्हणाले, “अन् आईच्या हातचा एक कप चहा…”

“डबा भरून पाठवणं वेगळं असते, पोरी. आपल्या चुलीवर आपण शिजवतो, आपलं मन खुश. दुसऱ्याच्या चुलीवरचं तोंडात घालायचं म्हणजे…” तिनं वाक्य अर्धंच सोडलं. मग एकदम दुसऱ्याच आवाजात म्हणाली, “गाते काय वं ती? अजून?”

“दर शुक्रवारी,” मी म्हणाले. “खिडकीत बसून. तुमचं गाणं ऐकू येते ना, त्याच्यासोबत.”

रुखमाबाई परत रवा निवडू लागली. निवडलेलाच निवडत होती.

*

येत्या शुक्रवारची सभा रुखमाबाईकडेच होती. त्यानंतर नाताळाच्या आधी एकच शुक्रवार उरत होता, म्हणजे रुखमाबाईकडच्या सभेत सतरंजी उचलणाऱ्याकडे नाताळची मोठी सभा.

आई आजारी पडल्यापासून मी सभेला जात नव्हते. ती परत आल्यावर शुक्रवारी मी तिच्याजवळ बसायचे. त्या शुक्रवारी म्हणाले, “मी जाऊन येते.” आईची वेणी घालून झाली होती. ती म्हणाली, “जा. स्वेटर घाल. अन् चहा मागून घेऊ नको, त्यांनी दिला तरच घे.” मी दारात वळून पाहिलं तर ती खिडकीशी जाऊन बसली होती. आमच्या घरापासून रुखमाबाईचं चौथं घर.

खोली गच्च भरली होती. चाळीसएक माणसं, कोपऱ्यात पेट्रोमॅक्स बत्तीचा सूं सूं आवाज, गोधड्या-शालींचा नाताळच्या दिवसांतला तो वास. “सलाम, सलाम,” असा आमच्यातला नमस्कार करत मी बायकांच्या बाजूला शिरले. कुणीतरी सरकून जागा दिली, कुणीतरी माझ्या गालाला हात लावला, “किती उंच झाली वं!” मी सतरंजीवर बसले, तर हाताखाली नेमका तो पिवळा पट्टा. मी एकदम सात वर्षांची झाले. मला वाटलं, मागे वळून पाहिलं तर आई बसलेली असेल.

नत्थूजींनी पेटीवर सूर धरला. रुखमाबाईनं पहिली ओळ घेतली. म्हातारा, पण अजून सरळ आवाज.

आणि मग ती थांबली.

सगळेच थांबले. नुसती पेटी वाजत राहिली, एक पूर्ण ओळ, एकटी. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. ओळ संपली, आणि तिसरीला सगळे मिळाले.

मला आधी कळलंच नाही. दुसऱ्या कडव्यालाही तेच. पहिली ओळ रुखमाबाई, दुसरी कुणीच नाही, तिसरी सगळे. ती आईची ओळ होती. अडीच वर्षं झाली तरी ती कुणी घेतली नव्हती. प्रत्येक शुक्रवारी, प्रत्येक गीतात, ते तिची जागा तशीच ठेवत होते, जेवायला बसताना एखादं ताट मांडून ठेवावं तसं.

आणि चार घरं पलीकडे आई ती ओळ म्हणत होती. मी तिच्याजवळ बसून ऐकलं होतं ना इतक्यांदा! आई पहिली ओळ म्हणत नसे, तिसरीही नसे, फक्त दुसरी. मला वाटायचं, तिला दम लागतो म्हणून.

एक गाणं, अर्धं इथं आणि अर्धं तिथं, आणि मधे चार भिंती. मी तोंडात स्वेटरची बाही धरली, नाहीतर हुंदका बाहेर आला असता. वक्तृत्वाच्या परीक्षकांनी मला तेव्हा पाहायला हवं होतं.

वचन झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी आजाऱ्यांची नावं घेतली. चहा झाला. लोक उठले, चपला शोधू लागले. नत्थूजी एका टोकानं सतरंजी गुंडाळू लागले. नाताळची सभा म्हणून दोन-तीन जण पुढे होण्याच्या बेतात दिसत होते.

मी गुंडाळीवर हात ठेवला. “मी नेते.”

“तू?” नत्थूजींनी मान वर केली. “घरी विचारलं काय वं?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.”

कुणीतरी हसलं. सतरंजी घराचा मोठा माणूस उचलतो, पोरंटोरं नाही. नत्थूजींनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही, रुखमाबाईकडे पाहिलं.

मी पण पाहिलं. खोलीतल्या प्रत्येक बाईनं पाहिलं. कारण ती गेली तर सगळ्या जातील, ती ‘नको, आत्ताच घेतला’ म्हणाली तर सगळ्या म्हणतील.

रुखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. “माझा डबा आहे तुमच्याकडे,” ती शेवटी म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. “शुक्रवारी मी घ्यायले येते म्हणा. भरलेला पाहिजे. रिकामा डबा मी घेणार नाही, सांगून ठेव तुह्या मायले.”

“काय भरायचं?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“तिले माहीत आहे मले काय आवडते.” मग पदर डोळ्यांना लावत नत्थूजींवर खेकसली, “पाहून काय राहिले गा? द्या ना त्या पोरीच्या खांद्यावर!”

सतरंजी भलती जड निघाली. प्रेमलतानं मधला भाग खांद्यावर घेतला. गल्लीच्या तोंडाशी गोपिका उभी होती, मी खरंच काही करते का ते पाहायला आलेली. तिनं मागचं टोक धरलं. “सांभाळून वं! आमच्या आजोबाची आहे,” म्हणाली. अशा आम्ही तिघी अजगर धरल्यासारख्या चार घरं चालत आलो. आमच्या दाराशी गोपिकेनं हातातलं टोक खाली ठेवलं. प्रेमलतानं नाही ठेवलं. ती खांद्यावरची सतरंजी तशीच धरून उंबरठा ओलांडून आत आली.

बाबा दिव्याखाली वर्तमानपत्र वाचत होते. आई खिडकीशी होती. दोघांनी आधी सतरंजीकडे पाहिलं, मग प्रेमलताकडे, मग माझ्याकडे. आईचा हात तोंडाशी गेला. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी वर्तमानपत्राची एक घडी घातली, मग आणखी एक. आता ओरडतील, असं मला वाटलं, म्हणून मीच आधी बोलले, एका दमात, कुठलंही पाठ न केलेलं.

“बाबा, मी कुणाकडे काही मागितलं नाही. आपण त्यांना बोलावलं आहे. पुढच्या शुक्रवारी नाताळची सभा आपल्या घरी, अन् ही सतरंजी मी परत नेणार नाही. आई, रुखमाबाई डबा घ्यायले येणार आहे, भरून ठेव, काय भरायचं ते तुले माहीत आहे म्हणते. दुसरी ओळ तुझीच आहे, कुणी घेतलेली नाही. चहा तू करायचा, ट्रे मी फिरवीन. आणि तो निळ्या काठाचा कप मोरीजवळून काढून बाकीच्या कपांत ठेवायचा. त्या दिवशी त्यातला चहा मी पिणार आहे.”